अर्जाला जोडायचा फोटो

माझ्या नणंदेची दोन मुले जून २०२२मध्ये, शाळा उघडायला आठवडा असताना, आमच्या घरी राहायला आली. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि मुलगा सात. दोघांचे सगळे सामान युरियाच्या एका धुतलेल्या चुंगडीत मावले होते. ती चुंगडी डोक्यावर घेऊन, एका हाताने तिला सावरत आणि दुसऱ्या हाताने भावाला धरून मुलगी एसटीतून उतरली. माझ्या पतींनी ओझे घ्यायला हात पुढे केला, तेव्हा "राहू द्या मामा, मले सवय आहे," असे ती म्हणाली. आम्हाला त्या उत्तराचे कौतुक वाटले. पुढचे वर्षभर आम्ही तिचे असेच कौतुक करत राहिलो आणि ती आमची मोठी चूक होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०२१च्या पावसाळ्याअखेर मुलांच्या वडिलांनी स्वतःचे आयुष्य संपवले होते. कर्ज होते, लागोपाठ दोन हंगामांची नापिकी होती, आणि कित्येक महिने धड न झोपणारा, ताटावरून अर्धवट उठून जाणारा माणूस डोळ्यांसमोर असूनही त्याला दवाखान्यात न्यावे हे आम्हा नातेवाइकांपैकी एकालाही सुचले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात नणंदेचे दुसरे लग्न झाले. नवे घर वर्धा जिल्ह्यातले. त्यांना सून हवी होती, तिची मुले नको होती. गावात तिच्याविषयी जे बोलले गेले ते मी येथे लिहिणार नाही. एकतीस वर्षांच्या बाईने दिराच्या मेहेरबानीवर उरलेला जन्म काढायला हवा होता असे ज्यांना वाटते, त्यांनी एक वर्ष तसे राहून पाहावे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे घरातले कागदपत्रांचे काम आपोआप माझ्याकडे येते. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणी कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपये मिळतात. त्यांतले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. मात्र त्यासाठी कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. मुलांच्या वडिलांचे कर्ज बिनकागदी होते. प्रकरण 'अपात्र' ठरल्याचे पत्र आमच्याकडे उशिरा पोहोचले आणि मी ते ओट्याशी उभी राहून पतींना वाचून दाखवले. मागे भाची भांडी पुसत होती. रात्री अंथरूण घालताना तिने मला हळूच विचारले, "मामी, अपात्र म्हंजे बाबा नापास झाले काय?" मी तिला कर्जाच्या अटी समजावून सांगितल्या. शिक्षकाची सवय अशी की, प्रश्न आला की आपण धडाच शिकवू लागतो. तिला काय ऐकायचे होते ते मला कळायला फार दिवस गेले.

दुसरा अर्ज बालसंगोपन योजनेचा होता. अनाथ, एक पालक असलेली किंवा आईवडील सांभाळू शकत नाहीत अशी अठरा वर्षांखालील मुले संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढावीत, यासाठी राज्य शासन सांभाळणाऱ्या कुटुंबाला मासिक अनुदान देते. आम्ही अर्ज केला तेव्हा ते प्रत्येक मुलामागे ११०० रुपये होते. २०२३मध्ये ते २२५० रुपये झाले आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. आधार, जन्माचे दाखले, मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक, सगळे जमवायला पावसाळा गेला. त्या कटकटीबद्दल लिहीत बसत नाही, ज्याने एकदा तहसीलच्या खिडकीशी उभे राहून पाहिले आहे त्याला ती ठाऊक आहे. पण यादीत शेवटी एक गोष्ट होती: मुलांचा पालकांसह, घरासमोर उभे राहून काढलेला फोटो.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात उभे राहिलो. शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन समोर आला. भाची आत जाऊन वेणी घालून आली, तिने भावाची कॉलर नीट केली, त्याला आपल्या डाव्या बाजूला उभे केले आणि मग अगदी साध्या आवाजात मला विचारले, "बाबाचा फोटो मी धरू का तू धरशीन?"

तेराव्यापर्यंत त्यांच्या दारात मांडव होता. त्या दिवसांत पुढारी आले, वर्तमानपत्रवाले आले, कोणी मदतीचा धनादेश घेऊन आले, आणि प्रत्येकाने या मुलीच्या हातात वडिलांची तसबीर देऊन, भावाला शेजारी उभे करून फोटो काढले होते. फोटो कसा काढतात हे तिला तेव्हाच शिकवले गेले होते. त्या सकाळी आमच्यापैकी कोणालाही काही बोलता आले नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. तसबिरीशिवाय फोटो निघाला आणि तोच अर्जाला लागला.

गृहभेट झाल्यावर आम्हाला यवतमाळला बाल कल्याण समितीसमोर बोलावले गेले. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात व तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, हे वाचून मी कोर्टाच्या तयारीने गेले होते; प्रत्यक्षात एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात खेळण्यांची टोपली होती. भाचा आत शिरताच एका सदस्याच्या मांडीवर जाऊन बसला, त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि "तू माह्या घरी येतं काय?" असे विचारू लागला. पोरगा किती लाघवी आहे, लवकर रमेल, असे सगळेच म्हणाले. भाची प्रत्येक प्रश्नाला उभी राहून उत्तर देत होती. इथे सगळे चांगले आहे, भाऊ जेवतो, अभ्यास करतो, मी पहाटे उठते. तिच्याविषयी तर कोणाला काही विचारण्याजोगेच वाटले नाही. मुलांना आमच्याकडे ठेवण्याचा आदेश झाला. परतताना मी दोघांना लस्सी पाजली आणि प्रक्रिया संपली, असे समजून चाललो.

घरी मात्र भाच्याचे वेगळेच चालले होते. त्याच्या गादीखाली वाळलेल्या भाकरीचे तुकडे निघत. दप्तरात शेंगदाणे, उशीच्या अभ्र्यात गुळाचा खडा, त्यावर मुंग्या. घरात कोणी त्याला कधी कमी वाढले नव्हते. तो रात्री अंथरूण ओले करी आणि ते दडवण्यासाठी त्यावर पाणी ओती. मी शाळेत निघाले की तो फाटकाला लटके, किंचाळे. मग सासूबाईंनी आपल्याकडे सगळ्या घरांत वापरला जाणारा उपाय सांगितला: तो खेळत असताना मागच्या दाराने हळूच निघून जायचे. मी तसे केले. चार दिवस घर शांत राहिले. पाचव्या दिवसापासून तो खेळेनासा झाला. मी जेथे असेन तेथे, न्हाणीच्या दाराशीसुद्धा, तो नुसता बसून राहू लागला. त्याच्या दृष्टीने ते रास्तच होते, कारण खेळायला लागले की माणूस नाहीसा होतो हे त्याला मीच शिकवले होते.

पहिल्या समुपदेशकांनी मुलाला "झालं गेलं विसर, आता हेच तुझे आईबाबा," असे सांगितले आणि मला चिंचोके मोजण्याचा खेळ द्यायला सुचवले. ते भले गृहस्थ होते. त्यांच्या दालनाबाहेर चाळीस माणसे उभी होती. दुसऱ्या बाई आम्हाला पुढच्या हिवाळ्यात, सरकारी दवाखान्यातच भेटल्या. त्यांनी मुलाला तासभर काहीच विचारले नाही. तो मातीची बैलजोडी करत होता, त्या शेजारी बसून दावे वळत होत्या. नंतर त्यांनी मला जे सांगितले त्याने त्या सदस्याच्या मांडीचा अर्थ बदलला. ज्या मुलाची एकामागून एक माणसे निघून जातात, ते पुष्कळदा कोणाच्याही गळ्यात पडते, कारण त्याच्या लेखी सगळीच माणसे सारखी, कोणीही आज आहे, उद्या नाही. तो त्या सदस्याला जितक्या सहज बिलगला तितक्या सहज जर मला बिलगू लागला, तर आनंद मानू नका, असे त्या म्हणाल्या. घरातल्या माणसासाठी रडणे, परक्याला बुजणे ही चांगली चिन्हे समजा. फाटकाला लटकण्याचा मला जो वैताग होता, ती त्याची माझ्याशी जुळू लागलेली पहिली गाठ होती आणि मी ती मागच्या दाराने सोडवत बसले होते.

डी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरासाठी पियाजे या मानसशास्त्रज्ञाचे सिद्धांत पाठ केले होते, पण हा विषय मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी येऊन वाचू लागले. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी, युद्धोत्तर काळातल्या बेघर मुलांविषयी अहवाल लिहिला. मुलाला अन्नाइतकीच एका टिकून राहणाऱ्या, जिव्हाळ्याच्या माणसाची गरज असते असे त्याचे म्हणणे होते. त्याआधी लाडाने मूल बिघडते, फार कवटाळू नये, असे सांगणारे तज्ज्ञ तिकडेही होतेच. आमच्याकडेही सासूबाईंच्या सासूबाई तेच म्हणत.

बाईंनी दिलेला उपाय इतका साधा होता की मला थोडी निराशाच वाटली. जाताना सांगून जायचे. रडला तरी सांगून जायचे. केव्हा येणार ते त्याला दिसेल असे सांगायचे आणि त्या वेळेला यायचे. घड्याळ त्याला नीट वाचता येत नव्हते, म्हणून मी अंगणातल्या कडुनिंबाची सावली जेथे पोहोचली की माझी बस येते, तेथे विटेचा तुकडा रोवला. सूर्य सरकतो तशी दर पंधरवड्याला ती वीट हलवावी लागे; ते काम त्याने स्वतःकडे घेतले. रोज सकाळी तो एकच प्रश्न विचारी, "वापस येशीन ना?" आणि मी एकच उत्तर देई, "विटेपाशी सावली आली की येईन."

फेब्रुवारीत एक दिवस बस वाटेत बंद पडली. मी घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. विटेचे तुकडे अंगणभर होते, माझ्या दोन साड्या नालीत होत्या आणि तो मोरीत अंग चोरून बसला होता. मला आधी रागच आला, कारण त्यांतली एक साडी भावाने घेतलेली होती. मग मी मोरीतच खाली बसले. बस बंद पडली, तू वाट पाहिलीस, मी आले नाही, तुला वाटले मीही गेले, असे मी एकेक वाक्य सावकाश म्हटले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर माझ्या पायावर डोके ठेवून झोपला. एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात आई आणि तान्हे बाळ यांच्यावर केलेल्या प्रयोगांविषयी मी पुढे वाचले. चांगल्या जोड्यांतही आई आणि बाळ यांचे सूर बहुतेक वेळ जुळलेले नसतात. ते तुटतात आणि पुन्हा जुळवले जातात, आणि त्या जुळवण्यातूनच बाळाचा भरवसा वाढतो, असे त्यांना दिसले. मला स्वतःला याचा मोठाच दिलासा वाटला. एसटीच्या भरवशावर नोकरी करणाऱ्या बाईला कधीही न चुकणारी मामी होणे शक्य नव्हते.

दिवाळीत आणि उन्हाळ्यात नणंद येई. मुलगा तिला पाहून न पाहिल्यासारखे करी, गोठ्यात जाऊन वासराशी बोलत बसे. तिच्या निघण्याच्या दिवशी मात्र पदर सोडत नसे. "याला आई नकोच आहे," असे शेजारणी म्हणाल्या. मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरला लहान मुलांचे निरीक्षण करून दाखवले होते की, आई दूर जाताना मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते त्यातून नात्याविषयी अधिक कळते. काही मुले परतलेल्या आईकडे पाठ फिरवतात, पण आत त्यांच्या छातीत धडधड चालूच असते. मी नणंदेला म्हटले, तू पण गोठ्यात जाऊन बस, काही बोलू नकोस. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तिचा फोन ठरवून टाकला. तो कधी घेई, कधी घेत नसे. फोन मात्र तिने चुकवला नाही. मुलांनी मला आई म्हणावे असे आम्ही कधी सुचवले नाही. त्यांना आई आहे, ती दुसऱ्या गावी राहते, एवढेच खरे आहे आणि तेवढेच आम्ही सांगत आलो.

हे सगळे चालू असताना भाची काय करत होती? पहाटे उठून सडा, भावाची आंघोळ, त्याचा डबा, संध्याकाळी ज्वारी निवडणे. "सोन्यासारखी पोट्टी आहे," असे सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. १५ ऑगस्ट २०२३ला गावाने तिचा सत्कार ठरवला. ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. संकटातही डगमगली नाही, भावाची माय झाली, कोरडवाहू पऱ्हाटीसारखी तग धरून उभी राहिली, असे भाषण झाले. त्यात तिच्या वडिलांचा उल्लेख चारदा आला. तिने सरळ उभे राहून नारळ घेतला, फोटो काढू दिले. त्या रात्री तिला उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. गाडी मिळेपर्यंत मी १४४१६ला फोन लावला. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू होती आणि तो क्रमांक बाईंनीच मला लिहून दिला होता. पलीकडच्या माणसाने मला तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याबरोबर हळूहळू श्वास मोजायला लावले. सकाळी दवाखान्यात बाकी सर्व ठीक निघाले.

बाई या वेळी फक्त भाचीशी बोलल्या, पाच भेटी. मग मला म्हणाल्या की, मुलगा आरडाओरडा करून मागतो म्हणून त्याला मिळते. हिने मागणे बंद केले आहे. भावाचे काम तिच्याकडून काढून घ्या, ती मुलगी आहे, पालक नव्हे. मी दुसऱ्याच दिवसापासून ते केले, आणि पुन्हा घाई केली. मी भाच्याच्या अंगावर पाणी घालत असताना ती दारात आली, तांब्या माझ्या हातातून ओढला आणि ओरडली, "मंग मी इथं कायले आहो?"

दीड वर्षात तिने वर केलेला तो पहिला आवाज. या घरात आपण कामाच्या मोबदल्यात राहतो, काम सुटले की जागाही सुटेल, असा हिशेब ती बारा वर्षांची असल्यापासून मनात मांडत होती, आणि आमच्या प्रत्येक शाबासकीने आम्ही त्या हिशेबावर सही करत होतो. चुलतघरी खरोखरच तसे झाले होते. त्या दिवशी मी तिला ते 'अपात्र'चे पत्र पुन्हा दाखवले आणि सांगितले की, तुझे वडील नापास झाले नाहीत, ते आजारी होते आणि ते आम्हाला कोणाला ओळखता आले नाही. तुलाही ते ओळखता येणे शक्य नव्हते, तू अकरा वर्षांची होतीस. बाबा गेले त्या दिवशी ती सकाळी वावरात डबा देऊन परत आली होती, बाबा काही बोलले नव्हते, आणि आपण थांबलो असतो तर, हे तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितले. ते वाक्य पुढे तिने कित्येकदा सांगितले. मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकले.

एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, कलह, आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, समंजस माणसे झाली. त्यांच्यात पुन्हापुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे आईवडीलच असे नव्हे, पण आजी, काका, शिक्षक असे एक तरी भरवशाचे माणूस. हे वाचून मी खूश झाले होते. नंतर मनात आले की, सत्काराच्या भाषणातली पऱ्हाटीही कोणी डवरल्याशिवाय, निंदल्याशिवाय उभी राहत नाही, हे भाषण करणाऱ्या शेतकऱ्याला तरी ठाऊक असायला हवे होते.

भाचीला आम्ही एक काम ठेवले, तिनेच निवडलेले: रात्री भावाला गोष्ट सांगणे. बाकी हळूहळू सुटले. नववीत ती गणितात नापास झाली आणि तीन दिवस घरात कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने चोरून पाहिले की आम्ही काय करतो. आम्ही तिला शिकवणी लावली आणि वांग्याचे भरीत केले. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी तिला कणीक तिंबायला हाक मारली, तेव्हा आतून उत्तर आले, "मी नाही येत, मले झोप येते." सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी कणीक तिंबायला घेतली आणि त्यांना म्हटले, हळू बोला, पोरगी झोपली आहे.

बालसंगोपनाचे अनुदान चालू राहण्यासाठी दरवर्षी कागद नव्याने द्यावे लागतात, फोटोसह. यंदा भाचा फोटोसाठी उभाच राहीना. परका माणूस फोटो काढणार म्हणून तो माझ्या मागे लपला आणि बाहेर यायला दहा मिनिटे लागली. भाचीचे डोळे फोटोत मिटलेले आले. दुसरा काढू म्हटले, तर "राहू दे ना मामी, सात वाजता शिकवणी आहे," असे म्हणत तिने सायकल काढली आणि ती गेली. एकाचे अर्धेच तोंड दिसणारा, दुसरीचे डोळे मिटलेला तो फोटो मी तसाच अर्जाला लावला. कार्यालयातल्या बाईंनी एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.